लाडू बहरीनला पोचले

नव्वदच्या दशकात माझी कंपनी बहरीनची, पण काम पलीकडे सौदीच्या वाळवंटात, सोन्याच्या खाणीच्या कॅम्पवर. बायको काळजी करेल म्हणून मी पत्रांत बहरीनच लिहायचो. शहरात अदलिया भागात खोली आहे, संध्याकाळी समुद्राची हवा खातो, वगैरे. प्रत्यक्षात पत्र्याच्या खोलीत कागदावरची वाळू फुंकत बसलेला असायचो. पत्रं कंपनीच्या ऑफिसातून जात, त्यामुळे शिक्का बहरीनचाच.

मग तिचा मावसभाऊ नोकरीसाठी बहरीनला आला. गल्फला निघालेल्याच्या बॅगेत आपल्याकडे सगळ्यांचा खाऊ कोंबतात, तसे तिने माझ्यासाठी डिंकाचे लाडू दिले. तो थेट ऑफिसात गेला. क्लार्क म्हणाला, "ते इथं कुठे? ते वाळवंटात, खाणीवर!"

ऑफिसातून हे कळल्यावर, आता तो तिला कळवणार म्हणून माझी झोप उडाली. माफीची पत्रं लिहिली आणि फाडली. शेवटी तिचंच पत्र आलं: "लाडू ऑफिसवाल्यांनी संपवले म्हणे. सोन्याच्या खाणीवर राहून बायकोला भाड्याची खोली सांगणारा नवरा मी पहिलाच पाहिला. आता खरं लिहा, तिथं जेवायला काय मिळतं?"

त्याच दुपारी मी चार पानं लिहिली. डाळ पातळ असते, हेसुद्धा लपवलं नाही.