वडिवुचा पत्रा

तिरुपूरच्या आमच्या बनियन कारखान्यात मी चार नंबरच्या लाइनीचा सुपरवायझर. सुपरवायझर म्हणजे ना मालक ना मजूर, दोन्हीकडून शिव्या खाणारा प्राणी. मग त्यातल्या निम्म्या शिव्या आम्ही खाली वाटून टाकतो. वडिवुच्या वाट्याला मात्र मी कधी एकही दिली नाही. तशी वेळच तिनं आणली नाही.

वडिवु ओट्टनचत्रम गावची. बाप बाजारात बसून पत्र्याची नरसाळी, दिवे करायचा, गळक्या बादल्यांना ठिगळं लावायचा. पोर त्याच्याशेजारी बसून पत्रा कापायला शिकली. लग्न होऊन तिरुपूरला आली, नवरा कापड रंगवण्याच्या कामात खोकून खोकून गेला, आणि ही आमच्याकडे टी-शर्टच्या गळ्याला पट्टी जोडायला लागली. मशीनवर तिला बसवलं लाइनीतल्या सगळ्यांत जुन्या मरगदम अक्कानं. शिव्या देत शिकवलं, पण शिकवलं.

गळ्याची पट्टी हे किचकट काम. दुमडायची, कडेला कड लावायची, ताणायची, पण जास्त ताणायची नाही. तासाला ऐंशी गळे हा ठरलेला आकडा. तो गाठता गाठता बायकांची बोटं आखडायची. वडिवुनं तेलाच्या डब्याचं झाकण कापून, वाकवून, ठोकून बोटभर लांबीचा एक पत्रा केला आणि सुईच्या अलीकडे बसवला. पट्टी त्यातून सरकताना आपोआप दुमडायची आणि सरळ सुईखाली यायची. महिनाभरात ती तासाला सव्वाशे गळे काढायला लागली.

काढायची सव्वाशे, दाखवायची ऐंशी. उरलेले गुपचूप मरगदम अक्काच्या टोपलीत. साखरेच्या आजारानं अक्काचे डोळे अधू झाले होते, तासाला पन्नासच्या वर तिची मजल जात नव्हती. मुलगी नर्सिंग शिकत होती, अजून दीड वर्ष बाकी. ही जागा गेली असती तर पन्नाशी उलटलेल्या, दिसत नसलेल्या बाईला तिरुपुरात दुसरं कोणी उभं केलं नसतं, आणि मुलीचं शिक्षण तिथंच थांबलं असतं. हे सगळ्या लाइनीला ठाऊक होतं. मलाही.

मी गप्प होतो ते दयेपोटी, असं कुणी समजू नये. चार नंबरचा माल नेहमी वेळेवर निघायचा. एकीचं पोर तापलं तर तिचं काम दुसरी ओढून न्यायची. कुणी दांडी मारत नसे, उसवलेला गळा परत येत नसे. चालत्या गाडीला मी कशाला खीळ घालू?

मग चेन्नईहून गौतमन सर आले. वेग वाढवायला. हातात स्टॉपवॉच घेऊन बायकांच्या पाठीशी उभे राहायचे. ते जिन्यावर दिसले की कुणीतरी ओरडायचं, "अगं, चटणी करपली!" लगेच पत्रा जेवणाच्या डब्यात, आणि वडिवु नव्या नवरीसारखी हळूहळू शिवणार. सरांनी तीन महिने लिहून काढलं, कागदावर आकडा ऐंशीचा ऐंशीच.

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी सगळा घोटाळा झाला. मशीनं पुसून चंदन-कुंकू लावलं, दारात कोहळा फुटला. त्या दिवशी अवजाराला कामासाठी हात लावायचा नाही, फक्त नमस्कार. वडिवुनं मशीनपुढे केळीच्या पानाचा तुकडा ठेवला आणि त्यावर पत्रा मांडला.

"ए शहाणे, उचल ते," मरगदम अक्का म्हणाली. "साहेब खाली फिरतोय."

"कसं उचलू अक्का? कात्रीला कुंकू, पान्याला कुंकू, आणि जो खरा राबतो त्याला डब्यात कोंडू? रुसला तर?"

"रुसू दे. मी काढते त्याची समजूत!"

बायका खिदळल्या. कुणी जिन्याकडे बघत नव्हतं, आणि गौतमन सर प्रसादाच्या चुरमुऱ्यांची मूठ घेऊन आमच्यापुढे उभे.

"हे काय आहे, अम्मा?"

"काही नाही सर... दिव्याखाली ठेवायचं," वडिवु पुटपुटली.

मी गप्प बसलो असतो तर ते पुढे गेले असते. पण वर्षभर दाबलेली फुशारकी नेमकी तेव्हा उसळली. "दिव्याचं कसलं सर! तिनं स्वतः केलंय. सव्वाशे गळे काढते तासाला. आमची चार नंबर म्हणजे..." बोलता बोलता अक्काच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. माझ्या तोंडाला त्याच दिवशी कुलूप लागायला हवं होतं.

आठवड्यात तसे साठ पत्रे बनून आले. वडिवुला शाल आणि स्टीलची घागर मिळाली, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ऐंशी पुसून सव्वाशे लिहिलं. आता वडिवुचे सगळे गळे स्वतःच्याच आकड्यात जायचे, टोपलीत टाकायला उरणार काय? आणि डोळ्यांना कडच दिसत नसेल तर पत्रा तरी काय करणार? नवव्या दिवशी अक्काला ऑफिसात बोलावलं.

बाहेर येऊन ती वडिवुच्या मशीनपाशी थांबली. "बसवलं मी तुला. उठवलंस मला."

वडिवुला मशीन थांबवता आलं नाही. मी फळ्यापाशी होतो. अक्काची मुलगी आता दुसऱ्या कारखान्यात टी-शर्टच्या घड्या घालते.

दोन-तीन महिने माल धो धो निघाला. मग पोंगलला गावी गेलेल्या अकरा बायका परतल्याच नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या पोरींचे गळे वाकडे, निम्मे परत यायचे. आता एकीचं काम दुसरी ओढत नाही, ओढायला वेळ कुणाला आहे? पोंगलनंतरचे तीनही माल आम्ही उशिरा पाठवले. गौतमन सर त्याआधीच मोठ्या कंपनीत मोठ्या पगारावर गेले होते.

मालकांनी जिन्याखाली सूचनांसाठी लाल पेटी लावली. सहा महिन्यांनी सगळ्यांसमोर उघडली, तर आत तंबाखूची एक रिकामी पुडी.

"बघा!" मालक म्हणाले. "हात आहेत, डोकं नाही. म्हणून देश मागे राहतो. काय हो सुपरवायझर?"

"खरं आहे सर," मी म्हणालो. वडिवु पहिल्याच रांगेत बसली होती, शालवाली म्हणून.

जेवणाच्या सुट्टीत मी तिच्याजवळ गेलो. विचारलं, "आता काही सुचत नाही का गं तुला?"

"सुचतं की अण्णा. रोज सुचतं." तिनं दहीभाताचा घास कालवला. "पण सुचलं की आधी मान वर करून बघते, लाइनीत म्हातारी कोण आहे."

"मग?"

"असतेच एखादी."