नातवाचं बारसं

“अगो, मुलगा आहे तो! मुलीसारखा नाजूक नाय!” जानू बायकोवर खेकसला. आठव्या महिन्यातच जन्मलेल्या नातवाचं बारसं त्याला बाराव्या दिवशीच, सगळ्या भावकीसमोर करायचं होतं.

“माझेही दोन मुलगे होते,” हौसा म्हणाली. “तेव्हाही तुम्ही हेच बोललात. मुली जगल्या, ते पाळण्यातच गेले.”

“तो काळ वेगळा.”

“डॉक्टरीणबाईंना विचारलंय मी. आता पूर्वीइतकी बाळं दगावत नाहीत, पण दगावतात त्यांत अजून मुलगेच जास्त.”

“आणि आवतणं गेलीत त्यांचं काय?”

लेकीच्या कुशीतलं बाळ हौसाने उचलून छातीशी धरलं.

“बारसं याचं वजन भरल्यावर. बोलवायला तुम्ही गेलात, आता नको सांगायलाही तुम्हीच जा.”