बंद मशीनची पूजा

आम्ही दोघांनी होस्टिंगचा धंदा काढला, तेव्हा तो नक्की कसला धंदा आहे हे सगळ्यात आधी कळलं ते माझ्या भागीदाराच्या आईला, म्हणजे मावशींना. माझ्या वडिलांना कळलं नाही, बँकेतल्या साहेबांना तर अजिबात नाही. मावशींनी मात्र रहाटणीतल्या त्यांच्या ओट्यावर मेथी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी खोल्याच की रं. मशीन तुमचं, त्यात खोल्या पाडायच्या आन् भाड्यानं द्यायच्या."

"व्हय," माझा मित्र म्हणाला. "खोल्यांत कंपन्यांच्या वेबसाइटी राहत्यात."

"पाणी लागतंय का त्यास्नी?"

"न्हाई."

"मंग करा बिनघोर."

मावशींच्या शेतात ज्वारीच्या जागी चाळ उभी राहिली होती आणि नळाच्या वेळेवरून होणारी भांडणं मिटवण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती. त्याच चाळीत, एका खोलीत, लातूरहून आलेलं आमचं बिऱ्हाड होतं. मालकाचा मुलगा आणि भाडेकरूचा मुलगा एका सायकलवर डबलसीट शाळेत गेलो, पुढे एकाच कॉलेजात रडतखडत इंजिनिअर झालो. धंदाही एकत्रच करायचा, यावर कधी चर्चासुद्धा झाली नाही.

आमचे भाडेकरू म्हणजे चाकण आणि भोसरीतले छोटे वर्कशॉपवाले. कुणी स्प्रिंगा करायचा, कुणी रबराचे वायसर. फुकटच्या ईमेलवरून पाठवलेलं कोटेशन मोठ्या कंपनीतला परचेसवाला उघडूनही बघत नाही, अशी त्यांची पक्की खात्री होती. म्हणून त्यांना आपल्या वर्कशॉपच्या नावाचं ईमेल हवं असे आणि सोबत चार पानांची वेबसाइट. सुरुवातीला आम्ही दुसऱ्याच्या सर्व्हरवर जागा घेऊन तीच पुढे भाड्यानं द्यायचो. एकदा तो सर्व्हर अख्खा दिवस बंद पडला. शिव्या मात्र आम्ही खाल्ल्या. त्या संध्याकाळी ठरवलं, आता स्वतःचं मशीन घ्यायचं.

ते आलं, चपटं, लांबुळकं आणि भलतंच जड. रिक्षात दोघांच्या मांड्यांवर आडवं ठेवून चिंचवडला नेलं. प्रत्येक स्पीडब्रेकरला हा पठ्ठ्या रिक्षावाल्याला सांगायचा, "दादा, हळू. पोटुशी हाय." मी चिडत होतो, रिक्षावाला हसत होता.

चिंचवडला एका काचेच्या इमारतीत असल्या मशिनांना ठेवून घेत. जागा त्यांची, वीज त्यांची, थंड हवा आणि इंटरनेटची लाइन त्यांची. मशीन तेवढं आपलं. आत एवढे पंखे घोंघावत असायचे की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. आम्ही कपाटात मशीन बसवलं, हिरवा दिवा लागला, आणि मित्रानं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की दोन दिवस दुखत होतं.

धंदा चालला तो त्याच्यामुळे, हे मला तेव्हाही माहीत होतं. माझ्या नाकावर राग. "मेल जात नाही" म्हणून फोन आला की मी आधी समोरच्याची अक्कल काढायचो. तो माझ्या हातातून फोन काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "काका, जेवलात का? बरं, आता सांगा." तिकडचे काका विरघळायचे. तोवर मी बिघाड शोधून काढलेला असायचा. जोडी म्हणून आम्ही झकास होतो.

पहिल्याच वर्षी खंडेनवमीला स्प्रिंगवाल्या काकांचा फोन आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडच्या साऱ्या वर्कशॉपांतून मशिनं पुसतात, त्यांना हळदकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात. काकांनी सहज विचारलं, "आमच्या वेबसाइटचं मशीन तुमच्याकडं आहे ना? त्याची पूजा केली का?"

मला हसू आलं. माझ्या मित्राला आलं नाही. आम्ही तडक चिंचवडला. आत कुंकू चालत नाही, पाणी चालत नाही, उदबत्ती लावली तर धुराचा भोंगा वाजतो. शर्टाच्या खिशात एक झेंडूचं फूल मात्र त्यानं लपवून आणलंच. मशीनसमोर उभं राहून म्हणाला, "बंद कर."

"वेडा झालास का? सगळ्यांच्या साइट बंद पडतील!"

"चालू मशीनला फूल वाहत्यात व्हय कुठं? आन् बघणार कोण हाय आज? समदे आपापल्या मशीनीला हळद लावत बसले असतील."

शेवटी बंद केलं. बाकीच्या मशिनांच्या गोंगाटात आमचे पंखे थांबलेले कळलेही नाहीत, फक्त हिरवा दिवा गेला. त्यानं फूल ठेवलं. त्या गारठ्यात आम्ही दोघं हात जोडून उभे राहिलो. माझं सगळं लक्ष खिशातल्या फोनकडे होतं. आता वाजेल, मग वाजेल. वाजला नाही. आमची झाडून सगळी गिऱ्हाइकं आपापल्या वर्कशॉपांत, आपापल्या थांबलेल्या मशिनांपुढे उभी होती. पिंपरीपासून चाकणपर्यंत त्या घटकेला कुणालाच आमची गरज नव्हती. मशीन पुन्हा चालू करून बाहेर आलो आणि जिन्यात बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

मग दरवर्षीचा तो रिवाजच झाला. इतका सुखी मी त्यानंतर झालेलो नाही. बायकोला हे सांगत नाही, पण खरं आहे.

तो धंद्यातून गेला त्याला भांडण कारण नव्हतं. भांडण झालं असतं तर मावशींनी दोघांचे कान धरून मिटवलं असतं. चाळीची जागा फ्लॅटांच्या एका स्कीमला गेली, तीत तोही उतरला, पहिली इमारत उभी राहिली. तो सकाळी साइटवर जाऊन दुपारी ऑफिसात यायला लागला, मग संध्याकाळी, मग यायचा थांबला. मावशीही गेल्या. पुढच्या खंडेनवमीला तो आला, पण सारा वेळ हातात फूल धरून फोनवर सिमेंटचं बोलत होता. त्याच्या पुढच्या वर्षी मोबाइलवर हाराचं चित्र आलं, खाली हार्दिक शुभेच्छा. तेच चित्र त्यानं निदान दोनशे जणांना पाठवलं असणार.

तो काही परदेशात नाही. पुनावळ्यात राहतो, सिग्नल नीट मिळाले तर चहा गार व्हायच्या आत पोचता येईल एवढ्या अंतरावर. त्याच्या वाढदिवसाला काळेवाडी फाट्यावर त्याचा भलामोठा फ्लेक्स लागतो. एका वर्षी तो महिनाभर कुणी काढला नाही. जाता येता मी त्याच्याकडे बघायचो आणि गाडीत एकटाच बोलायचो, "काका, जेवलात का?" मला तो हवा होता. धंद्यात नसला तरी चालेल, वर्षातून एकदा त्या गारठ्यात शेजारी उभा राहायला हवा होता.

हळूहळू आमचे भाडेकरूही पांगले. आता सगळं क्लाउडवर असतं. मशीन कुठल्या गावात आहे हे कुणाला माहीत नसतं आणि कुणी विचारतही नाही. शेवटच्या गिऱ्हाइकालाही मीच तिकडे हलवून दिलं. आमचं मशीन रिकामं झालं, तरी मी ते चालू ठेवलं. "रिकाम्या खोलीत दिवा कशाला जाळता?" बायको म्हणायची. मी आज काढतो, उद्या काढतो करत राहिलो. खरं कारण निराळं होतं. मशीन आम्हा दोघांच्या नावावर ठेवलेलं होतं, आणि बाहेर काढायचं तर दोघांची संमती लागे. म्हणजे ते काढायच्या दिवशी त्याला यावं लागलं असतं. तेवढं एक निमित्त माझ्या हातात शिल्लक होतं, ते वापरून टाकायला मन होत नव्हतं.

या वर्षी वापरलं. दसऱ्याच्या आधी त्याला फोन करून सांगितलं, खंडेनवमीला काढू या. "येतो की, भावा. हे काय सांगणं झालं?" तो म्हणाला. मी नवा शर्ट घातला होता, हे आता लिहायला लाज वाटते.

काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "सर, तुमच्या पार्टनरची संमती आलीय. त्यांच्या ऑफिसमधून परवाच मेल आला. त्यांना यायची गरज नाही." तिनं हे आनंदानं सांगितलं, माझी खेप वाचवल्यासारखं. तरी मी बराच वेळ तिथल्या सोफ्यावर बसून राहिलो. मग आत गेलो, मशीन बंद केलं, वायरी सोडवल्या. गाडीपर्यंत न्यायला वॉचमननं एका बाजूनं हात लावला.

घरी जायचं सोडून मी पुनावळ्याला गेलो. त्याच्या साइटवर जेसीबीला हार घातला होता, मिक्सरला हळदकुंकू. मला बघून तो धावतच आला. "अरं भावा!" खांद्यावर हात टाकून ऑफिसात नेलं, स्वतःच्या खुर्चीत बसवलं, पेढ्यांचा अख्खा बॉक्स पुढे केला. फ्लॅट बघायला आलेल्या एका कुटुंबाला म्हणाला, "हे आमचे बालमित्र. कॉम्प्युटरमधला बाप माणूस." माझ्या मुलांची विचारपूस केली, वडिलांच्या गुडघ्याची केली. त्याच्या जिभेवर पूर्वीचीच साखर होती. मी वाट बघत होतो. मशीनचं त्यानं काही काढलं नाही आणि माझ्यानं काढवेना. एरवी कशावरही येणारा माझा राग त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे.

तो गाडीपर्यंत सोडायला आला. मागच्या सीटवर मशीन होतं, मी त्याला सीटबेल्ट लावला होता. त्यानं काचेतून वाकून बघितलं.

"हे काय रं? यूपीएस घेतला का नवा?"

"हो," मी म्हणालो.

"लई जड दिसतोय. घरी उतरवायला कुणाला संगं देऊ का?"

"नको. एकट्याला झेपतंय."