गोजराबायची हळद आयर्लंडला

गोठिवलीत गोजराबायने धवले म्हटल्याशिवाय कुठल्याच पोरीला हळद लागली नाही. धवले म्हणजे आगऱ्यांच्या लग्नातली गाणी, आणि गोजराबाय ती म्हणणारी धवलारीण. आवाज असा, की हळद गोठिवलीत आणि वॉचमन दचकायचा रबाळ्याच्या कारखान्यात. आणि आता सख्ख्या नातीचं, प्रियाचं लग्न कुठे, तर आयर्लंडात! गोजराबायचा मुलगा रूपेश, सून, झाडून सगळे विमानात बसून गेले. म्हातारीचा तेवढा व्हिसा नाकारला. मेल्यांना काय वाटलं, ही तिकडे जाऊन चाळी बांधेल?

मागे राहिली गोजराबाय आणि तिचा बटणांचा फोन. साऱ्या गावाच्या पोरी पिवळ्या केल्या आणि आपलीच नात कोरडी बोहल्यावर चढणार, या विचाराने तिला घास गिळवेना. मग कुणीतरी सांगितलं, गावाला लागून वसलेल्या सेक्टरातल्या सार्वजनिक वाचनालयात कॉम्प्युटर फुकट वापरायला देतात. त्या जागेवर पूर्वी तिच्या सासऱ्याचं भाताचं शेत होतं, त्यामुळे ती आत शिरली ती मालकिणीच्या थाटात.

ग्रंथपाल सुमेधाबाई शिस्तीच्या, पण जीव लावून शिकवलं त्यांनी. गोजराबाय माउस जात्यासारखा गरगर फिरवायची, पडद्यावरचा बाण कुठल्या कुठे पळायचा. चिकाटी मात्र दांडगी. व्हिडिओ कॉल लावायला जमलं, तेव्हा दोघींना आभाळ ठेंगणं झालं.

हळदीच्या दिवशी शेजारच्या हॉलमध्ये स्पर्धा परीक्षेची पोरं मान मोडून अभ्यास करत होती. त्यांना त्रास नको म्हणून सुमेधाबाईंनी म्हातारीच्या कानांवर हेडफोन चढवले. इथेच घात झाला. गोजराबायची ठाम समजूत, की कान झाकले म्हणजे आवाज थेट तारेतून आयर्लंडला जातो, इथे कुणाला ऐकूच येत नाही. तिने बिनधास्त वरची पट्टी लावली. पोरांचा इतिहास-भूगोल पार उडाला, एक तर चक्क टाळ्यांचा ठेका धरून बसला. सुमेधाबाई धावत आल्या, तोवर बायने पदराआडून हळदीची वाटी काढली होती.

"पोरी, गाल पुढं कर. हलद लावाची हाय," ती म्हणाली, आणि ओली हळद पडद्यावरच्या प्रियाच्या गालांना फासली. मग कपाळाला. मग मायेने हात तिच्या डोक्यावरून फिरवला, तसा वरचा कॅमेराही माखला.

सार्वजनिक मालमत्ता! सुमेधाबाई फडकं आणायला वळल्या. इकडे नात हळदीमागे दिसेनाशी झाली, तशी गोजराबाय हबकली. सगळं नासवलं की काय आपण? तिने घाईने हेडफोन ओढले, वायर निसटली आणि प्रियाचा आवाज खोलीभर झाला. पोरगी हसत होती की रडत होती, कळेना.

"आजी, इकडे मला सगळं पिवळंच दिसतंय. पोचली गं तुझी हळद."

गोजराबाय तिथेच ढसाढसा रडली. सुमेधाबाईंनी आणलेल्या फडक्याने आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे. पडदा दुसऱ्या दिवशी पुसला.