अशक्त जिवाणूंचा खुराक

जिवाणूंना खाऊ घालण्यात मदतनीस मावशींचा हात धरणारं त्या प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. मावशी रुसल्या तर आपलं सगळं गोकुळ उपाशी मरेल, असं सर गमतीने म्हणायचे.

तिथं संशोधन करणाऱ्या एका मुलीने जनुकात बदल केलेले जिवाणू मात्र अंग धरत नव्हते. ती फ्लास्क उजेडाकडे धरायची आणि चेहरा पाडून ठेवून द्यायची. मावशींना बघवेना. कुणाला न सांगता त्यांनी त्या अशक्तांच्या खुराकात थोडं ग्लुकोज घातलं. शेजारचे बदल न केलेले साधे जिवाणू धडधाकट होते, त्यांना घातलं नाही.

फ्लास्क दुधासारखा दाट झाला. मावशी मनातून सुखावल्या. पण दोन्ही चमकायला हवे होते, तिथं साधे जिवाणू हिरवे चमकले आणि मुलीचे अंधारातच राहिले.

बैठकीत सर बोलत होते, तेव्हा मावशी रिकामे कप उचलत होत्या. चमकवणारं जनुक आपणहून जागं होत नाही, सर म्हणाले. एक प्रथिन त्याच्या शेजारी डीएनएवर येऊन बसतं, पेशीतल्या नक्कल करणाऱ्या यंत्राला तिथं ओढून आणतं, मग जनुकाची नक्कल निघू लागते. पेशीला ग्लुकोज आयतं मिळालं, की ते प्रथिन तिथं बसतच नाही. मुलीने बदल केला होता तो नेमका याच प्रथिनात.

"खुराकात ग्लुकोज नव्हतं ना?" सरांनी विचारलं.

"नाही सर, मावशींच्या हातचं आहे," मुलगी म्हणाली.

मावशींनी उरलेले कप भराभर ट्रेमध्ये रचले. बदल फसला, असं ठरलं. जिवाणू मारून टाकायचे आणि विषय सोडायचा.

दुपारी मुलगी फ्लास्क घेऊन ऑटोक्लेव्हपाशी, जिवाणू वाफेने मारायच्या यंत्रापाशी, आली. तो आत ठेवायचं काम मावशींचंच. झाकण उघडं होतं, पण मावशींचा हात पुढे होईना.

"यांना मारू नकोस," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या. "मीच ग्लुकोज घातलंय. हडकुळे दिसत होते गं."

मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फ्लास्क छातीशी धरून सरांच्या खोलीकडे पळाली.

पुढच्या आठवड्यात बिनग्लुकोजच्या खुराकावर तिचे जिवाणू चमकले. खरं सांगितलं म्हणून सगळ्यांनी मावशींची पाठ थोपटली. मावशींनी नव्या खुराकासाठी भांडं काढलं, तोच मुलीने ते हळूच त्यांच्या हातून घेतलं.

"तुम्ही बसा मावशी. माझं मी करते."

आवाज अगदी मऊ होता. मावशी बसल्या, आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.