फेमीने लाल घातलं तो रविवार

आमच्या गावात बाईचं तोंड बघायच्या आधी तिच्या छातीवरचं कापड बघतात. लाल असेल तर घरी सगळं ठीक आहे. निळं असेल तर कुणीतरी गेलंय, पण त्याला दिवस झालेत. काळं असेल तर आवाज खाली आणायचा आणि हवापाण्याचे दोन शब्द बोलून पुढे व्हायचं. हॉलंडच्या या सपाट, ओल्या कोपऱ्यात हे कुणी कुणाला शिकवत नाही. पोरी चालायला शिकतात तसं हेही शिकतात. आईबापासाठी किती वर्षं, भावासाठी किती, नवऱ्याच्या चुलत्यासाठी किती, सगळं ठरलेलं. नवऱ्याचा हिशेब मात्र सोपा आहे. आधी काळं, मग निळं, आणि ते निळं आपण स्वतः जाईपर्यंत.

फेमी माझी शेजारीण. तिचं शेवटचं लाल मला आठवतं, कारण शाळेत आम्ही एकाच बाकावर बसायचो. मग तिची आजी गेली आणि निळं आलं. ते उतरायच्या बेतात होतं तेवढ्यात आजोबा गेले. मग बाप. मग कालव्यावरचा बर्फ फुटून धाकटा भाऊ गेला, ते काळं तर तिच्या आईने उतरूच दिलं नाही. तिच्या घरची माणसं, देव मला क्षमा करो, कधी एकदम मरायची नाहीत. तू हो पुढे, मी आलोच, असं एकमेकांना सांगून निघाल्यासारखी जायची. लग्नातही ती निळ्यात उभी होती, कारण सासरची कुणी एंगे आत्या आदल्या हिवाळ्यात वारली होती. त्या आत्याला फेमीने जन्मात पाहिलं नव्हतं.

त्यात गंमत अशी की गावातलं निम्मं लाल फेमीच्याच हातचं. कापडावर ठिपक्यांची फुलं उठवण्यात तिचा हात धरणारी बाई नव्हती. लाकडाच्या ठोकळ्यात खिळे मारून केलेले छाप, बशीत रंग, आणि काळ्याभोर कापडावर टपाटप उमटणारी फुलं. दुखवट्यातल्या बायकांसाठी निळी, बाकीच्यांसाठी लाल. नखांत लाल रंग असायचा तिच्या, अंगावर कधी नाही.

नवरा हार्म वाईट नव्हता. बोलायचा कमी, जेवायचा वेळेवर, हात कधी उगारला नाही. तो गोठ्यात पडला आणि गेला, तेव्हा फेमी मनापासून रडली. पण मनापासूनचं रडणं संपलं तरी काळं संपलं नव्हतं, आणि काळ्याच्या पुढे निळं उभंच होतं.

मी स्वतः तो पोशाख चाळिशीतच सोडला. एका रविवारी सरळ दुकानातला कोट आणि साधा स्कर्ट घालून चर्चमध्ये गेले. मागच्या पायांवर चालणारी गाय बघावी तसे लोक बघत होते. पुढे कितीतरी दिवस मला 'मॅडम' म्हणत होते. मी मुलखाची कोडगी, मला काही झालं नाही. फेमी तशी नाही. तिला बेकरीत उरलेले सुटे मागायलासुद्धा संकोच वाटायचा.

म्हणून एका दुपारी कॉफी पिताना ती म्हणाली, "आल्त्ये, मला लाल घालायचंय," तेव्हा मला वाटलं थट्टाच करतेय.

"पंचाहत्तरीला आलीस. आता कुणाला दाखवायचंय? टपालवाल्याला?"

"दाखवायचं नाही गं कुणाला. घालायचंय." तिने कप खाली ठेवला. "जन्मभर मेलेल्या माणसांसाठी कपडे घातले. त्यातल्या निम्म्यांची तोंडंही आठवत नाहीत मला. हार्मचं दुःख आहेच, ते या कापडाने कमी-जास्त व्हायचं नाही. एक रविवार मला लाल घालून चर्चला जायचंय. मग खुशाल पुरा मला निळ्यात."

"मग जा की. अडवलंय कुणी?"

"भीती वाटते," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि मला माझ्या तिखट जिभेचा राग आला.

मग सुरू झाली आमची तालीम. पहिल्याच दिवशी फेमीने घोळ घातला. अंगावर लाल चढवून आरशात बघायचं म्हणून तिने भरदिवसा पुढच्या खोलीचे पडदे ओढले. आमच्याकडे पडदे सताड उघडे असतात. दिवसा ते ओढले की घरात प्रेत आहे असं धरतात. ही जन्मभर दुखवट्यात राहिलेली बाई, आणि नेमकं हेच तिच्या लक्षात आलं नाही. ती अजून टाचण्या लावत होती तोवर समोरची येनेके वाटाण्याच्या सूपचं पातेलं घेऊन दारात हजर. "फेमीमावशी, कोण गेलं?" फेमीने लालवर घाईघाईने शाल गुंडाळली आणि डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. ते सूप आम्ही दोघींनी दोन दिवस खाल्लं.

त्यानंतर ती मागच्या गोठ्यात जाऊन घालायला लागली. हार्म गेल्यावर गाई विकल्या होत्या, कोंबड्या तेवढ्या उरल्या होत्या. मग परसातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत आली. मग वरून कोट घालून माझ्या घरापर्यंत. माझ्या स्वयंपाकघरात कोट काढायची आणि खुर्चीत ताठ बसायची. मी मुद्दाम टोमणे मारायचे, तिला सवय व्हावी म्हणून. "काय गं फेमी, नवा नवरा बघितलास वाटतं?" आधी ती रडवेली व्हायची. हळूहळू तिला उत्तरं सुचायला लागली. "बघितलाय, पण त्याला तुझ्यासारखी शेजारीण चालत नाही." खरं सांगते, तिला असं बोलताना ऐकून मला फार बरं वाटायचं.

एका शनिवारी मी तिला बसने झ्वोलेच्या बाजारात नेलं. तिथे कोट नाही, काही नाही. शहरात लाल काय नि निळं काय, त्यांना सगळंच जुनं आणि छान. एका परदेशी जोडप्याने तिचा फोटो मागितला. मासळीवाला म्हणाला, "आजी, तुम्ही आल्या नि बाजार उजळला की." फेमी लाजली आणि गरज नसताना त्याच्याकडून दोन हेरिंग घेतले. परतीच्या बसमध्ये तिचे गाल लाल झाले होते. "कुणी काही बोललं नाही, आल्त्ये. उगाच घाबरत होते मी."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं की झ्वोलेला तो रंग वाचताच येत नाही. पण तिच्या तोंडावरचा आनंद पाहिला आणि मूग गिळून बसले.

पुढच्या रविवारी ती लाल घालून निघाली. कोट हातावर. छातीवर तिने स्वतः उठवलेली फुलं, इतकी बारीक की जवळ गेल्याशिवाय ठिपके वेगळे दिसू नयेत. मी शेजारून चालत होते. ती मान वर करून चालत होती आणि मधूनच ओठ हलवत होती, उत्तरं घोकत होती.

एकाही उत्तराची गरज पडली नाही. कुणी हसलं नाही. चर्चच्या दाराशी बायकांचा घोळका होता, तो आमच्याकडे वळला, आणि मग सगळ्यांच्या तोंडावर एकदम माया आली. ती माया पाहून मी फेमीचा दंड धरला. येनेके पुढे आली आणि तिने फेमीचा हात दोन्ही हातांत घेतला.

"फेमीमावशी," ती हळू, मोठ्या अक्षरांत लिहिल्यासारखं बोलली, "हार्मकाका कुठे आहेत?"

फेमी गोंधळली. "म्हणजे? तिकडे. कबरीत."

"बरोबर. गेले ना ते? आठवतंय ना?"

"अगं आठवतंय म्हणजे काय, मीच नाही का त्याला..." आणि मग तिला कळलं. मी तिच्या तोंडाकडेच बघत होते. तिच्या तोंडावरचा रंग उतरला.

"तिला सगळं आठवतंय," मी म्हणाले. "तिला लाल घालावंसं वाटलं, म्हणून घातलं. एवढंच."

"असं कुणाला वाटतं का?" येनेके म्हणाली. रागाने नाही, खरंच विचारत होती. "नवरा गेलेला लक्षात असताना?"

"तुम्ही राहू द्या, आल्त्ये," दुसरी म्हणाली. "तुम्ही पोशाख सोडलात, तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

मी भांडले. देवाच्या दारात आवाज चढवला. त्याचा उपयोग एवढाच झाला की माझ्या ओरडण्याने बिचारी घाबरेल म्हणून त्यांनी फेमीला माझ्यापासून बाजूला नेलं. बाकावर बसवलं. खांद्यावर कुणाची तरी काळी शाल घातली. आमच्याकडे प्रवचन सुरू झालं की तोंडात पेपरमिंट टाकायची पद्धत आहे. येनेकेने प्रवचनाची वाट न बघता गोळीचा कागद सोडवून ती फेमीच्या ओठांशी धरली, लहान पोराला भरवतात तशी. फेमीने तोंड उघडलं. कुणीतरी तिच्या मुलीला, हिल्डाला, बोलावून आणलं आणि पहिलं स्तोत्र संपायच्या आत तिला घरी नेलं.

मी मागोमाग गेले. हिल्डा स्वयंपाकघरात उभी राहून रडत होती. बापावर तिचा फार जीव.

"आई, खरं सांग. तू विसरलीस ना? बाबा गेलेत हे तुझ्या ध्यानात नव्हतं ना?"

फेमी टेबलाशी बसली होती. शाल घसरून पडली होती आणि ती फुलं भर उजेडात दिसत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"आई, बोल ना. कारण तुझ्या ध्यानात असेल आणि तरी तू हे घातलं असशील, तर... तर मग बाबा तुला काय होते गं?"

एवढी तालीम केली होती आम्ही, पण हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता.

"विसरले होते," फेमी म्हणाली. "हो गं बाळ. विसरायला झालं."

हिल्डाने सुटकेचा श्वास टाकला आणि आईला मिठी मारली. तिचं डोकं कुरवाळत फेमी माझ्याकडे बघत होती, आणि मी काही बोलू नये म्हणून तिने मान हलवली.

मी घरी परतले. पण दुसऱ्या दिवशी जाऊन चांगली भांडले तिच्याशी. "धडधडीत खोटं बोललीस. का?"

"पोर रडत होती."

"आणि आता जन्मभर तुला वेडी समजतील, ते?"

"समजू देत. वाईट तर समजणार नाहीत ना." ती निळ्यात होती. "आणि आल्त्ये, मी आता थकले गं."

गावाने तिला फार मायेने वागवलं, हे मी नाकारत नाही. रोज कुणीतरी डोकावायचं. पण जी बाई स्वतःच्या तोंडाने विसरते म्हणाली, तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा? आधी हिल्डाने कपड्यांच्या कपाटाला कुलूप लावलं आणि रोजचं निळं तेवढं खुर्चीवर काढून ठेवायला लागली. मग शेगडीचा गॅस बंद केला. मग रंगाच्या बशा आणि छाप नेले, रंग चुकून पोटात जाईल म्हणून. फेमी बरोबर बोलली की बायका म्हणायच्या, आज दिवस चांगला आहे हं. ती चिडली की म्हणायच्या, आज नाही. सांगण्यासारखी एकही गोष्ट तिला कुणी सांगेनासं झालं.

हिवाळ्यात तिची थोरली बहीण रूली वारली. सगळं गाव गेलं तिच्या घरी. फेमीला कुणी सांगितलं नाही. तिला सांगितलेलंच नाही हे मला अंत्यविधीच्या सकाळी कळलं आणि मी तशीच गेले. कसं सांगावं हे मला समजेना, म्हणून सरळ सांगितलं.

रूलीने फेमीला लहानपणी पाठीवर घेऊन शाळेत पोचवलेलं होतं. मग ती हळूहळू उठली आणि कपाटापाशी जाऊन उभी राहिली.

"काळं हवंय मला. हिल्डाकडून किल्ली आण."

मी धावत गेले. हिल्डा तिच्या अंगणात, काळ्यात, निघायच्या तयारीत होती.

"आल्त्येमावशी, का सांगितलंत तिला?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "आज रडेल, उद्या विसरेल, परवा कुणीतरी पुन्हा सांगेल आणि पुन्हा नव्याने रडेल. कशाला? राहू दे तिला तशीच."

"ती विसरलेली नाही, हिल्डा. तेव्हाही नव्हती."

"तिनेच सांगितलंय मला," हिल्डा म्हणाली. किल्ली तिने दिली नाही.

मी परत आले तेव्हा फेमी अजून कपाटाजवळच उभी होती. मी रिकाम्या हातांनी आले हे तिने पाहिलं. माझ्याकडे काळं म्हणावं असं काही नव्हतं. एक गडद कोट होता, तो मी देऊ केला, पण दुकानातला कोट घालून बहिणीला पोचवायला ती तयार होईना. थोड्या वेळाने चर्चची घंटा वाजायला लागली आणि माणसं रस्त्यावरून जायला लागली. फेमी खिडकीशी जाऊन हात जोडून उभी राहिली. तिचे ओठ हलत होते, प्रार्थना म्हणत असावी. येनेके आणि तिच्यासोबतच्या बायका खिडकीसमोरून गेल्या, सगळ्या काळ्यात. त्यांनी आत पाहिलं. फेमीच्या अंगावरचं निळं पाहिलं.

"बघितलंस?" येनेके शेजारणीला म्हणाली. काचेतूनही ते आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. "सख्खी बहीण गेली, पण हिला पत्ता नाही. सुखी आहे बिचारी."