बांबू बांधलेली खाट

"राजा होय ना तू? मंग आपला रथ जुंप."

मालगुजार असं म्हणाला आणि सगळी मंडई हसली. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

दिवाळीनंतर आमच्या गावची जत्रा भरते, ती मंडई. भर दुपारी दंडारीचं नाटक चाललेलं. खेळात मी राजा. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, अंगात मागून आणलेला कोट. मालगुजारी कायद्यानं गेली होती, पण त्याची खुर्ची अजून सगळ्यांच्या पुढे असायची. मांडायचो आम्हीच. खेळ संपल्यावर तो "वा" म्हणाला की मी वर्षभर त्या एका अक्षरावर जगायचो. माझ्यासारखा मूर्ख शोधून सापडला नसता.

सकाळपासून माय तापानं फणफणत होती. खेळ रंगात आला आणि लहान बहीण धावत आली. "दादा, माय बोलूनच नाही राहिली."

गोंदियाचा दवाखाना चार कोस. माझ्याकडे बैल नव्हते. मी मालगुजारापुढे वाकलो, त्याची दमणी, बैलांची हलकी गाडी, मागितली. तेव्हा तो रथाचं बोलला. वर म्हणाला, "खेळ कायले थांबवला? पुरा कर. मंग पाहू."

त्याला डावलून गावात दुसरा कोणी गाडी काढणार नव्हता. मी पुन्हा उभा राहिलो. खरं सांगतो, नुसतं दमणीसाठी नाही. खेळ मोडला तर तो नाराज होईल, हेही मनात होतं. माय मरत होती आणि मी हुकूम सोडत होतो.

खेळ संपला. त्यानं धोतर झटकलं. "बैल थकले. उद्या येजो."

खेळात शिवराम राणी व्हायचा. त्यानं माझा मुकुट ओढून फेकला. "माय जाऊन राहिली, अन् तू त्याचं तोंड पाहून राहिला?"

लुगड्यातच तो धावला. खाटेला दोन बांबू बांधले. चौघांनी माय उचलली. वाटेत त्याचं काजळ घामानं ओघळत होतं, लोक हसत होते. त्यानं कोणाकडे पाहिलं नाही.

वाटेतल्या फुलचूर गावाशी माय गेली. गोंदिया समोर होतं. दवाखान्यात ती वाचली असती की नाही, कोणाला ठाऊक. पण पोचली असती.

पुढच्या मंडईला मालगुजाराचा माणूस आला. "मालकानं बोलावलं. राजा तूच."

"नाही येत."

"काऊन?"

"नाही येत."

त्या साली मी ठेक्यानं कसत होतो ती धानाची बांधी, तेवढंच शेत, मालगुजारानं काढून घेतली. आता मजुरीला जातो. पोट भरत नाही. गाव अजून त्याची खुर्ची मांडतं. हे बदलेल असं मला वाटत नाही.

मेलेल्याची खाट घरी ठेवू नये म्हणतात. मी ठेवली. बांबू सोडले नाहीत. दाराबाहेर भिंतीला उभी आहे. ज्याचं माणूस अडेल त्यानं न्यावी, विचारू नये. एक खांदा माझा. हाक आली की भरल्या ताटावरून उठेन. खुर्चीत कोण बसलंय, ते पाहणार नाही.